चौदा नंबरची जर्सी

कबड्डीच्या संघात बारा पोरी लागतात. सात मैदानात, पाच बाहेर. आमच्या साखर कारखान्याच्या कॉलेजात खेळाडू मुलींच्या वसतिगृहातही बाराच जागा आहेत. राहणं, जेवण, फी, सगळं फुकट. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण नऊ वर्षं मी तिथे खेळाचा शिक्षक होतो. आणि नऊ वर्षं दर जूनमध्ये मी सोळा पोरींना शब्द देत आलो.

यात फसवणूक आहे असं मला कधी वाटलं नाही. धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या पोरी या. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाचा ट्रक गावात लागला की एखादा बाप कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. धाकटी भावंडं सांभाळायला, पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, भाकरी थापायला पोरगी लागते. दर साली तीन-चार जायच्याच. बाराच घेतल्या तर दिवाळीनंतर माझ्याकडे आठ-नऊ उरायच्या, आणि जिल्हा स्पर्धा जानेवारीत. म्हणून सोळा. चार महिने पोरी दाटीवाटीनं झोपायच्या, वसतिगृह सांभाळणाऱ्या सुभद्राबाई कुरकुरायच्या, आणि दसऱ्याला आपोआप बारा व्हायच्या. मी कुणाला घालवलं नाही, असं मला छातीठोकपणे सांगता यायचं.

शब्द द्यायची माझी पद्धत ठरलेली होती. पोरीच्या घरी जायचं, भावकीतली चार माणसं बोलवायची, चहा घ्यायचा आणि नंबर घातलेली जर्सी बापाच्या हातात द्यायची. दोन वर्षं पोरगी कॉलेजची जबाबदारी, एवढंच म्हणायचं. कागदबिगद काही नाही. सोयरीक ठरावी तसं ते लोक हे धरायचे, आणि मला तेच हवं असायचं.

त्या साली चौदा नंबरची जर्सी केशरच्या घरी दिली. बाप सटवा, आई भिवराबाई, दोघंही तोडणी कामगार. सटवानं जर्सी कपाळाला लावली. मग चाचरत सांगितलं की केशरला स्थळ आलंय. मुलगा त्यांच्याच टोळीतला. एकट्या माणसाला मुकादम विचारत नाही, नवराबायको मिळून एक कोयता होतो, म्हणून त्या मुलाला घाई. पण सर दोन वर्षं म्हणत असतील तर आपण नाही म्हणून कळवतो. पोरगी चौदावी आहे आणि जागा बारा आहेत, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो आणि कळवा म्हणालो.

पाऊस आलाच नाही. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला. दसऱ्याला ट्रक आले, भरले, निघून गेले, आणि फाटकाशी एकही बाप आला नाही. मी आठवडाभर वाट पाहिली. मग मैदानावर केशरला विचारलं, तर म्हणाली की आईनं निरोप ठेवलाय, तिथं दोन वेळचं जेवण आहे, पाणी आहे, हलू नको. बाकीच्या पोरींचंही तेच. दुष्काळात भरल्या ताटावरून पोरीला कोण उठवेल? जन्म या जिल्ह्यात गेला माझा, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. स्वतःची चीड आली. सोळाच्या सोळा पोरी समोर उभ्या राहून दंड-बैठका मारत होत्या आणि मी त्या पुन्हा पुन्हा मोजत होतो.

कार्तिकात कारखान्याच्या चेअरमननी बोलावलं. मोहनराव तसे ओरडणारे गृहस्थ, पण त्या दिवशी आवाज बसलेला होता. शिवारात ऊस नाही, कारखान्याचा बॉयलर यंदा पेटणार नाही. वसतिगृहाला दोन दिवसांआड एक टँकर मिळेल, तो बारा पोरींच्या हिशोबाचा. त्याच्यावर एक ताट वाढवायचं नाही. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

"सोळा कावून घेतल्या, सर?"

दर साली चार जातात, असं मी सांगितलं.

"यंदा न्हाई गेल्या. मग आता तुमीच घालवा. तुमीच आणल्यात."

दोन पोरी जवळच्याच, तेलगावकडच्या होत्या, त्यांचं एसटीनं येणं-जाणं जमवलं. एकीला चेंडू आणि चढाई यातला फरक कळत नव्हता, पण ती संचालकाची भाची होती, तिच्याकडे मी बघितलंही नाही. अजून दोन कमी करायच्या होत्या. माझी बायको विमलबाई म्हणाली की आपल्या दोन खोल्यांत एक पोर मावेल, दुसरी मावणार नाही, आणि कोणती ते मला विचारू नका.

मी मुक्ताला घरी आणलं. मुक्ता चढाईची पोरगी, एका दमात तीन गडी बाद करायची. केशर कोपऱ्यात खेळायची. घोटा पकडला की सोडायची नाही, पण कोपऱ्याला माझ्याकडे दुसऱ्या होत्या. लोकांना मी सांगितलं की मुक्ताच्या घरची परिस्थिती जास्त वाईट आहे. खोटं होतं ते. मी गुण बघून निवडलं.

कारण काय लिहायचं हा प्रश्न उरला. जागा नाही असं लिहिलं तर माझा शब्द खोटा पडत होता. आश्विनात सरावात केशरचा गुडघा मुरगळला होता आणि डॉक्टरनं आठ दिवस विश्रांती सांगितली होती. त्या आठ दिवसांचा मी हंगाम केला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळू शकत नाही, सबब घरी पाठवत आहे. दुखण्याला कुणी दोष देत नाही, म्हणून तेच निवडलं.

केशरचे आईबाप टोळीबरोबर गेलेले, घराला कुलूप होतं, तेव्हा पोरीला सांगलीकडे टोळीवर पोचवणं भाग होतं. मीच निघालो. एसटीत केशर खिडकीशी बसून होती. ती काही विचारत नव्हती आणि मला तेच बरं वाटत होतं. तिसरी गाडी बदलल्यावर तिनं पिशवीतून पट्टी काढली.

"सर, कागदावर कोणता गुडघा लिवलाय?"

मला एकदम आठवेना. खिशातला कागद काढून बघितला.

"डावा."

लागलं होतं उजव्याला. केशरनं सलवार वर सारली, डाव्या गुडघ्याला नीट पट्टी गुंडाळली, टोक खोचलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मला इतकी लाज वाटली की पुढचा थांबा कधी गेला ते कळलं नाही. तरी मी गाडी थांबवून परत फिरलो नाही. थकलो होतो, हे खरं आहे, पण ते कारण नव्हे.

दुपारी पोचलो. सटवा फडात होता. भिवराबाईनं दगडांच्या चुलीवर चहा ठेवला, पोरीला समोर बसवलं आणि पट्टी सोडली. अंगठ्यानं गुडघा दाबून बघितला. मग दुसराही दाबला. केशर एकदाही कळवळली नाही. पट्टीची सावकाश गुंडाळी करत भिवराबाईनं विचारलं, "किती दिवसाची सुट्टी हाय, सर?"

हंगामापुरती, असं मी म्हणालो.

"आमी ते स्थळ तुमच्या शब्दावर मोडलं व्हतं. त्यो पोरगा ह्याच टोळीत हाय. अजून त्याला जोडी मिळाली न्हाई."

चहा चांगला होता, आलं घातलेलं होतं. मी संपवला. निघताना केशर कोपीतून जर्सी घेऊन आली. धुतलेली, घडी घातलेली.

"ही न्या सर. पुढच्या साली कुणाला तरी लागंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

जानेवारीत आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. मुक्तानं अंतिम सामन्यात अकरा गुण घेतले. चेअरमननी हार घातला, फोटो निघाला, तो अजून ऑफिसात आहे. फाल्गुनात केशरचं लग्न कोपीवरच लागल्याचं मुक्तानं सांगितलं. तेव्हा ती माझ्याच स्वयंपाकघरात जेवत होती. विमलबाईनं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं.

त्यानंतरच्या जूनला बारा म्हणजे बारा, असं मी ठरवलं. विमलबाईलाही तसं सांगितलं. ती बरं म्हणाली. गावोगाव निघायच्या दिवशी सकाळी जर्सी मोजल्या आणि एक ते बारा पिशवीत भरल्या. पाऊस वेळेवर झाला होता, विहिरींना पाणी होतं. चांगलं साल दिसत होतं, म्हणजे दसऱ्याला पोरी जाणार होत्या, आणि जानेवारीत मी आठ-नऊ पोरींवर येणार होतो. मी दारातून परत आत आलो. तेरा नंबरची घेतली. चौदा नंबरची केशरनं घातलेल्या घडीतच होती, मी ती वर्षभर उलगडली नव्हती. तीही पिशवीत घातली आणि एसटी पकडायला निघालो.