वन्स मोअर

दाजी जागेवरून उठले की बँडमधली ट्रम्पेटची पहिली खुर्ची, एकट्याने वाजवायचा तुकडा आणि वर टाळ्या, एवढं सगळं सलूनवाल्याच्या पदरात पडणार होतं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकरा वर्षं त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवून यंदा त्यांनी "तुझा सूर हलतो रे" म्हणत घरीच बसवलं होतं.

गेल्या आठवड्यात त्याच्याकडे दाढी करताना दाजी बोलून गेले, "डॉक्टर म्हणतात, छाती नाजूक झालीय, जोर लावू नका. एकदाच वाजवीन. ताईला बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतोय?" त्याने वस्तरा पुसला.

आज बागेत बँडच्या कार्यक्रमाला तो ताईशेजारी पहिल्या रांगेत बसला. दाजींनी शेवटचा लांब सूर कसाबसा पेलला. त्यांचे ओठ निळसर पडले, ट्रम्पेट खाली आला. सलूनवाल्याने ते नीट पाहिलं, आणि सगळ्यांच्या आधी त्याचाच आवाज उठला, "वन्स मोअर!"

मग काय, अख्खी बाग ओरडू लागली. दाजींनी मान हलवली, मेव्हण्याकडे विनवणीने पाहिलं.

ताई हसली. "बघ, कसे भाव खातायत! अहो, वाजवा की!"

बायकोचा शब्द त्यांना मोडवेना. या वेळी सूर मध्येच तुटला, आणि दाजी कोसळले ते कायमचेच.

खुर्ची सलूनवाल्याला मिळाली. किंमत ताईने मोजली, आणि अजून मोजते आहे, कारण शेवटचं 'वाजवा' आपलं होतं एवढंच तिला ठाऊक आहे.