उसातला तिसरा कॅमेरा

लोणीत कुशाबांच्या उसाला तोड लागायची होती. टोळी बांधावर येऊन बसली होती, बायकांनी लेकरं फडाच्या कडेला सावलीत ठेवली होती, आणि बिबट्यासाठी लावलेल्या तिसऱ्या कॅमेऱ्याचे फोटो उघडत नव्हते. ते आणणारा सुदर्शन बिबट्यांच्या कामात गावोगाव मदत करायचा. त्यानं पेनड्राइव्ह हर्षालीपुढं ठेवला. ही कुशाबांची पुतणी, पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच करायची.

"झिप फाईल आहे ताई. खराब झालीय म्हणतंय."

"झिप कशावरून?"

"नावापुढं काहीच नव्हतं, म्हणून मीच लिहिलं झिप."

"मिठाच्या पोत्यावर साखर लिहून चहा गोड होत नाय, सुदर्शन."

तिनं लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं. file ही कमांड नावावर विसंबत नाही, फाईल आतून वाचते. उत्तर लगेच आलं.

"झिप नाही, जीझिप आहे. भावकीतलीच, पण चूल वेगळी."

सोडवण्याआधी आत काय आहे ते बघावं, म्हणून तिनं tar -tzf दिलं. फोटोंची नावं भराभरा सरकली, आणि शेवटी फाईल मधेच तुटल्याचा निरोप आला.

"कॉपी संपायच्या आत पेनड्राइव्ह उपसलास ना?"

सुदर्शननं होकारार्थी मान हलवली.

"असू दे. तुटलंय तिथपर्यंतचं निघेल." आता तिनं tar -xzf दिलं.

तसंच झालं. सातआठ फोटोंत नुसतं पाचट दिसलं. पुढच्यात बिबट्याची मादी आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं होती.

कुशाबा वाकून बघत राहिले. "ही तर हिरीकडची सरी."

"होय तात्या," सुदर्शन म्हणाला.

ते तडक बांधावर गेले. "मुकादम, रस्त्याकडनं लागा. लेकरं पल्याड हलवा. हिरीकडचा तुकडा ऱ्हाऊ द्या."

"तेवढ्यानं गाडी भरायची नाय, भाऊ."

"न्हाई तर न्हाई. तिथं बाळंतीण हाय."

मुकादमानं लेकरं पल्याड हलवायला लावली. टोळी रस्त्याच्या बाजूनं उसात शिरली.

पुढच्या आठवड्यात सुदर्शन फोटो घेऊन आला, या वेळी पूर्ण कॉपी करून. मादी एकेक पिल्लू तोंडात धरून ओढ्याकडं निघाली होती. दुसऱ्या दिवशी हिरीकडचा ऊसही तुटला. त्या संध्याकाळी कुशाबांनी हर्षालीला मीटिंगमधून उठवलं.

"ते पिल्लू न्हेतानाचं दाव की परत. तुझ्या काकूनं बघितलं नाय अजून."