दिवेलागणीची दाढी

"मान वर करा अप्पा. अजून वर. हलू नका की."

रुद्रेशने माझं कपाळ तळहाताने मागे दाबलं आणि रेझर गळ्यावरून खालून वर ओढला. खर्रकन आवाज झाला. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होतो. अरे, बापाचा गळा आहे हा, बांधावरचं गवत नव्हे. पण हे सगळं मनातल्या मनात. तोंडातून एकच शब्द बाहेर पडला.

"व्हय."

"व्हय ना? मग वर करा."

त्याला दुकान उघडायची घाई असते. जळकोटला हायवेला लागून त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे तो एवढासा स्क्रू डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून काढतो. बापाच्या दाढीला मात्र गार पाण्याचा एक हबका, बोटाने फासलेला फेस आणि देव जाणे कधीचं ब्लेड. उलटं ओढलं की गुळगुळीत होते म्हणे. एकदा ओढून समाधान होत नाही, म्हणून त्याच जागी परत, परत. शेवटी तुरटीचा खडा घेऊन भांडं घासल्यासारखा गळा घासतो, टॉवेल खांद्यावर टाकतो आणि निघतो. शिवाय जाताना, "कसं चिकनं झालं बघा अव्वा," असं आईला सांगून जातो.

मला लकवा मारला तो पावसाळा संपता संपता. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचाही गेली, आणि जाताना हा एक शब्द मागे ठेवून गेली. काहीही बोलायला गेलो की व्हयच बाहेर येतं. दुखतंय का? व्हय. दुखत नाही ना? व्हय. चहा हवा? व्हय. आत्ताच घेतलात की, नको ना? व्हय. मग हसतात. अप्पा सगळ्याला हो म्हणतात, लई शांत झालेत, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. शांत! आतून माझा नुसता जाळ होत असतो. सगळी भाषा गेली तरी चालली असती, मला फक्त एक 'नाही' पाहिजे होतं. त्या एका शब्दावर मी हे घर सरळ केलं असतं.

मी नळदुर्गच्या स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी लागली की माइक माझ्या हातात. सोलापूरला जाणारी, उमरग्याला जाणारी, प्रवाशांनी घाई करू नये, सामानावर लक्ष ठेवावं. बायाबापड्या गाडीचा बोर्ड वाचत नसत, माझा आवाज ऐकून चढत. आणि ड्यूटीवर जाताना मी कधी वाढलेल्या दाढीने गेलो नाही. आमच्याकडे मान ताठ ठेवून उभं राहणाऱ्या माणसाची हनुवटी स्वच्छ असायला पाहिजे, असं मीच मला बजावलेलं होतं.

पण खरं दुखणं दाढीच्या पुढे सुरू होतं.

रुद्रेश गेला की पार्वतम्मा येते. माझी बायको. आंघोळ झालेली, ओले केस गाठ मारलेले, हातात विभूतीची वडी आणि पाण्याची वाटी. तीन बोटं पाण्यात बुडवते, वडीवर घासते आणि माझ्या कपाळावर तीन रेघा ओढते. ती गार बोटं कपाळावर फिरतात ना, तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं. ती आता माझ्याशी फारसं बोलत नाही, कारण माझं उत्तर ठरलेलं. पण बोटं बोलतात. मग ती बोटं खाली येतात, गळ्यावर. आमच्यात गळ्यालाही विभूती लावतात. शेणाची राख ती, कोरडी, करकरीत. नुकत्याच खरवडलेल्या कातडीवर ती लागली की मिरची चोळल्यासारखी आग होते. हनुवटीखाली लाल पुटकुळ्या आल्यात, त्यातल्या काही पिकल्यात, एकीतून रोज रक्त येतं. त्यावर राख.

पहिल्यांदा मी नुसती मान फिरवली. तिला वाटलं, चुकून. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने तिचा हात धरून बाजूला केला. ती तशीच उभी राहिली. वाटी हातात, बोटं पांढरी.

"विभूती नको म्हणतायसा?"

"व्हय," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं, कपाळाला लाव गं बाई, हवी तेवढी लाव, गळ्याला नको.

तिचा चेहरा पडला. चाळीस वर्षं बघतोय तो चेहरा, असा पडलेला कधी पाहिला नव्हता.

आता मला सांगा, यात देव कुठे आला? मी काय धर्म सोडला? नोकरीत असताना रोज विभूती लावूनच गेलो की स्टँडवर. पण तेव्हा मी दाढी संध्याकाळी करत होतो. ड्यूटीवरून आलो की मोरीत कढत पाणी घ्यायचं, टॉवेल भिजवून गालावर धरायचा, ब्रशने फेस काढायचा, केस मऊ होईपर्यंत बाहेरची बडबड ऐकत बसायचं. मग केस जिकडे लवतात तिकडेच रेझर हलकेच सोडायचा. गळ्याच्या डाव्या बाजूला माझे केस खाली नाही, कानाकडे जातात, हे मला ठाऊक, दुसऱ्या कुणाला असायचं कारण नाही. रात्रभर कातडी निवायची. सकाळी राख लागली तरी कळत नसे.

यावरून पार्वतम्मा जन्मभर माझ्याशी भांडली. दिवे लागल्यावर केस काढू नयेत, नखं काढू नयेत, लक्ष्मी निघून जाते. मी म्हणायचो, सकाळी वेळ होत नाही. देवाची राख गळ्याला झोंबते, हे लिंग पूजणाऱ्या बाईला कोण सांगणार? आणि आता मी पडल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर दाढी सकाळी आणली. शुभ वेळेला. आजारी माणसाचं सगळं नीट व्हावं म्हणून. राग कुणावर काढू?

सांगायचे प्रयत्न मी केले. गळ्याकडे बोट दाखवलं, तर तिने पाणी पाजलं. मोरीच्या कोनाड्यातल्या रेझरकडे बोट दाखवलं, तर रुद्रेश म्हणाला, "आत्ताच केली की अप्पा." खिडकीबाहेर मावळतीकडे हात केला, तर खिडकी लावून घेतली, वारं लागतंय म्हणून. मी कप फेकला. कप फेकल्यावर सगळे खूप प्रेमाने वागायला लागले, त्याचाही राग आला. रुद्रेशने मेडिकलमधून कसलं तरी मलम आणलं. ॲलर्जी असेल म्हणाला. ते मलम रात्री लावायचा आणि सकाळी तोच गळा परत खरवडायचा.

मग पार्वतम्माने मठातून महांतेश स्वामींना बोलावलं. सोमवार होता. शेजारची नागूबाईही बघायला आली, तिला कुठलंही घर उघडं दिसलं की चालतं. स्वामींनी नवी वडी आणली होती. माझ्या कपाळाला विभूती लावली, मी डोळे मिटून घेतले, मान लववली. पार्वतम्माचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. आणि मग स्वामींचा हात गळ्यावर उतरला.

मी सोसायचं ठरवलं होतं, अगदी देवाशपथ. पण फुटलेल्या पुटकुळीवर राख बसली आणि माझा डावा हात माझ्याआधी उठला. वडी खाली पडली, तुकडे झाले.

"व्हय," मी ओरडलो. "व्हय, व्हय."

स्वामी भला माणूस. खाली बसून तुकडे स्वतःच वेचले. आजारी माणसाचं मनावर घेऊ नये म्हणाले. पण नागूबाईने तोंडाला पदर लावला आणि मला कळलं, संध्याकाळपर्यंत वेशीपर्यंत बातमी जाणार. पार्वतम्मा उठली. देव्हाऱ्यापुढे गेली, हात जोडून म्हणाली, "यांनी आपणहून गळ्याला विभूती घेईपतुर म्या एकच वेळ जेवणार."

तिला शुगर आहे. सकाळची गोळी खाऊन संध्याकाळपर्यंत उपाशी राहणारी ही बाई. मी पडून तिला बघत होतो. केर काढताना थांबायची, भिंत धरायची, पुन्हा वाकायची. एकदा माझं अंथरूण बदलताना तिच्या हाताला असा कंप सुटला की ती माझ्याच पायथ्याशी बसली. रुद्रेशने पुष्कळ समजावलं. खा अव्वा, देव रागावत नाही, असं काकुळतीला येऊन सांगितलं. ती म्हणाली, देव नाही रे, यांचं मन फिरलंय.

माझं मन! अगं, कातडी आहे ती, मन नव्हे. माझ्या हनुवटीखालच्या चार केसांपायी तू मरशील की काय, या भीतीने मला झोप येईना, आणि ती भीतीसुद्धा तोंडातून बाहेर पडली तर व्हय होऊनच पडणार. मी देवालाही शिव्या दिल्या. त्याही मनातल्या मनात.

दाढी तशीच चालू होती. विभूती ती रोज घेऊन यायची, माझ्याकडे बघायची आणि कपाळाला लावून गळ्याशी थांबायची. मी मान पुढे करावी म्हणून. मी हनुवटी छातीला लावायचो. ती परत जायची.

त्या दिवशी ती ओलं खोबरं खोवत होती. घरात कुणी तरी येणार होतं बहुतेक, रुद्रेशचं कुणी. विळीवर हात घसरला आणि बोटाच्या पेराची साल निघाली. रक्त फार नव्हतं. पदराने पुसलं, आणि वेळ झाली म्हणून तशीच विभूती घेऊन माझ्यापाशी आली. बोटं पाण्यात बुडवली, वडीवर घासली.

"स्स."

तिने हात मागे घेतला. बोट तोंडाशी नेलं, फुंकर घातली. पुन्हा वडीला लावलं, जरा हळू. पुन्हा मागे घेतलं. मग ते बोट तसंच धरून ती माझ्या गळ्याकडे बघायला लागली. मी हनुवटी वर केली, जमेल तेवढी वर. बघ. नीट बघ.

ती किती वेळ बघत होती कोण जाणे. मग तिने एका पुटकुळीच्या शेजारी, न लागेल असं बोट टेकवलं.

"म्हणून तुमी संध्याकाळी करायचा दाढी," ती सावकाश म्हणाली.

मी गप्प राहिलो. या वेळी मुद्दाम. व्हय म्हणून घोटाळा करायचा नव्हता मला.

त्या संध्याकाळी तिने तुळशीपाशी दिवा लावला, देव्हाऱ्यात लावला आणि पदर खोचून कढत पाण्याची बादली माझ्या खाटेपाशी आणून आदळली. रुद्रेश दुकानातून नुकताच आला होता. येताना नवं ब्लेड आण म्हणून तिने त्याला फोन केला होता. तो दारातच थांबला.

"अव्वा, दिवे लागलेत."

"लागू दे की."

तिने टॉवेल भिजवून पिळला, माझ्या गालांवर आणि गळ्यावर धरला. कितीतरी दिवसांनी कुणी वाफ दिली मला. मग माझा जुना ब्रश कुठल्या तरी कपाटातून काढला होता, त्याने फेस केला. रेझर हातात घेतल्यावर मात्र तिचा हात थबकला. तिने जन्मात कुणाची दाढी केली नव्हती. मी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि खाली नेलं. गालावरून खाली. जोर द्यायला लागली की मनगट जरा उचलायचो. गळ्याच्या डाव्या बाजूला आलो, तिकडे तिचा हात कानाकडे वळवला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी तिच्या हाताकडे. एकदा फिरलेल्या जागी ती पुन्हा जायला लागली, मी अडवलं. थोडे खुंट राहिले तर राहू देत. प्रत्येक वेळी ब्लेड पाण्यात धुवायला लावलं. रुद्रेशने तुरटी पुढे केली, तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती परत ठेवली.

शेवटी गार पाण्यात भिजवलेलं फडकं तिने गळ्यावर ठेवलं आणि माझ्या कानाशी वाकली. लग्नानंतर रुद्रेश शाळेत जाईपर्यंत आम्ही घरात कन्नडच बोलायचो. पुढे त्याला मराठी यावी म्हणून सोडलं, ते सुटलंच. तिला काय आठवलं ठाऊक नाही, ती कन्नडमध्ये म्हणाली, "उरितदेन री?"

आग होतेय का, असं.

"इल्ल," मी म्हणालो.

मी दचकलो. तीही दचकली. रुद्रेशने विचारलं, अप्पा काय म्हणाले?

"न्हाई म्हणाले," ती म्हणाली, आणि फडकं बदलायला उठली. तिची पाठ बराच वेळ माझ्याकडे होती.

तो शब्द पुन्हा आला नाही. रात्रभर मी तो तोंडात घोळवला, हातातून निसटू नये म्हणून धरून ठेवला. सकाळी तोंड उघडलं तर पुन्हा तेच. मला रडू येईल इतका राग आला.

पार्वतम्मा विभूती घेऊन आली. कपाळाला लावली, आणि गळ्याशी नेहमीसारखी थांबली. मी मान वर केली. आपणहून. ती तीन रेघा ओढायला लागली, हळू, एकेक.

"जळतंय का?"

"व्हय," मी म्हणालो.

तिने माझ्या वर धरलेल्या मानेकडे पाहिलं, बोटं उचलली नाहीत. रेघ पुरी केली, वाटी खाली ठेवली आणि आत गेली. येताना तिच्या हातात ताट होतं. माझ्यासमोरच खाली बसली आणि तिने भाकरी मोडली.