बशांचा बुधवार

अमेरिकेतल्या वेदरबी गावच्या थेटरवाल्याने मंदीची कितीतरी वर्षं रिकाम्या खुर्च्यांकडे बघत काढली आणि मग कुठे त्याला अक्कल सुचली. बुधवारी जी बाई दहा सेंटचं तिकीट काढेल तिला एक बशी फुकट, असं त्याने दारावर लिहून लावलं. या बुधवारी बशी, पुढच्या बुधवारी कप, त्याच्या पुढच्या बुधवारी सूपचा वाडगा, आणि सगळ्यांवर तीच निळी वेल. म्हणजे संच पुरा करायचा तर वर्षभर एकही बुधवार चुकवायचा नाही. बायका कसल्या चुकवतात. पावाला आठ सेंट मोजताना ज्यांच्या जिवावर यायचं, ज्या घरी लोण्याऐवजी पांढऱ्या चरबीत पिवळा रंग कालवून लोणी म्हणून खात होते, त्या घरच्या बायकाही बुधवारी नीट केस वळवून हजर. पडद्यावर तो गाणारा घोडेस्वार आला की डोळे त्याच्यावर, पण हात मांडीवरच्या बशीवर. अंधारात कोणाची बशी निसटून फुटली की अख्खं थेटर टाळ्या पिटायचं. जिची फुटली ती बिचारी आठवडाभर मान वर करायची नाही.

मिस व्हर्ना हॅमंडही दर बुधवारी यायची. गावच्या शाळेत तिसरीचा वर्ग तिच्याकडे होता. एकटी यायची, मधल्या ओळीत भिंतीकडेची खुर्ची धरायची. गाव म्हणायचं, बाई रुखवत जमवतायत, आता नवरा तेवढा जमवायचा राहिलाय. व्हर्ना हसून सोडून द्यायची, कारण नवरा तिच्या शेजारच्याच खुर्चीत असायचा. दिवे गेले की एल्डन गुपचूप येऊन बसायचा आणि दिवे यायच्या आत उठून जायचा. अंधार झाला की व्हर्ना गळ्यातल्या दोरीतली अंगठी काढून बोटात घालायची. सबंध आठवड्यात तेवढा वेळच ती बायको असायची.

लग्न झालं की शिक्षिकेने नोकरी सोडायची, हा शाळा मंडळाचा नियम. एका घरात एक पगार, दुसरा पगार म्हणजे कोणाच्या तरी तोंडचा घास, असं सगळं गाव बोलायचं. खरं सांगायचं तर व्हर्नाही तसंच बोलायची. मग गेल्या उन्हाळ्यात दोघं नदी ओलांडून पलीकडच्या केंटकी राज्यात गेली आणि लग्न लावून आली. पानगळीत तिने राजीनामा द्यायचा, असं ठरलं होतं. पण पानगळीत काचेच्या कारखान्याच्या भट्ट्याच थंड झाल्या आणि एल्डन घरी बसला. वर्तमानपत्रं म्हणत होती मंदी संपली. वेदरबीत ती संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. आता तो आईकडे राहायचा, कोळशाच्या वखारीत बोलावतील त्या दिवशी जायचा, आणि त्या घरची चूल व्हर्नाच्या पगारावर पेटायची. नोकरी सोडणार कशी?

त्या बुधवारी मोठी ताटली होती. मटणाची अख्खी तंगडी मावेल एवढी. तंगडी आणायची कुठून ते थेटरवाल्याने सांगितलं नव्हतं. व्हर्नाने ती मांडीवर आडवी ठेवली होती आणि तिचा हात एल्डनच्या हातात होता. बातम्यांचं चित्र संपलं, मुख्य चित्र लागलं आणि मध्येच फिल्म तुटली. फिल्म तुटणं काही नवं नव्हतं. पण दर वेळी यंत्रवाला अंधारातच सांधायचा, या वेळी त्या शहाण्याने भसकन दिवे लावले.

व्हर्नाने हात हिसडला. ताटली घसरली आणि खळ्ळकन फुटली. टाळ्या, शिट्ट्या, मागून कोणीतरी ओरडलं, "घ्या, झालं जेवण." ती खाली वाकून घाईघाईने तुकडे गोळा करायला गेली आणि एक धारदार कड तिच्या डाव्या हाताच्या बोटात खोल शिरली. रक्ताची धारच लागली. तिने वर पाहिलं तर शेजारची खुर्ची रिकामी. दिवे लागले की उठून जायचं, मागे बघायचं नाही, हा नियम तिनेच घालून दिला होता, आणि एल्डन तो पाळून निघून गेला होता. तिला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"उठा बाई, चला. गालिचा खराब झाला तर तो थेटरवाला त्याचेही पैसे लावेल."

मागच्या ओळीतल्या स्ट्राउडबाई होत्या. ओपल स्ट्राउड, पिठाच्या छापील कापडी पोत्यांचे झगे शिवून घर चालवणाऱ्या. त्यांची चार मुलं एकामागून एक व्हर्नाच्या हाताखालून गेलेली. त्यांनी व्हर्नाला दंडाला धरून बायकांच्या मोरीत नेलं आणि नळाखाली हात धरला. रक्त वाहून गेलं आणि अंगठी चमकली.

स्ट्राउडबाईंनी नळ बंद केला नाही. नुसत्या बघत राहिल्या.

"आईची आहे," व्हर्ना म्हणाली.

"आईची अंगठी बाया उजेडात घालतात, बाई."

स्ट्राउडबाईंनी स्वतःच्या रुमालाची चिंधी फाडली आणि बोट घट्ट बांधलं. हात दुखवू नये म्हणून जपतही होत्या आणि आवाजही चढत होता.

"मी तुमच्या मागच्याच ओळीत बसते. दोन डोकी बघतेय मी केव्हापासून. कोणाला बोलले? एका शब्दाने बोलले नाही. उलट देवाला म्हणायची, यांचं जमू दे लवकर. रविवारी चर्चमध्ये पाद्री ठरलेल्या लग्नांच्या घोषणा वाचायला लागले की कान टवकारून बसायची. का, माहितीये?"

"तुमच्या आयलीनसाठी," व्हर्ना म्हणाली. तिला कळलं होतं.

"आयलीनसाठी. पोरगी शिक्षिकेचं शिकून आली, आता वर्ष होईल. वाण्याकडे विचारलं, टेलिफोनच्या कचेरीत विचारलं, तर म्हणतात एवढी शिकलेली कशाला हवी. घरी बसून माझ्यासोबत पोती उसवतेय. मी तिला सांगायची, थांब, हॅमंडबाईंचं लग्न होतंय, जागा सुटेल. आणि तुमचं लग्न होऊन बसलंय. होऊन बसलंय आणि तुम्ही जागा धरून बसलाय."

"एल्डनला काम नाही हो."

"आमच्या घरी कोणाला आहे?"

व्हर्नाला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून रागही आला. बाहेर चित्र पुन्हा सुरू झालं होतं, लोक हसत होते.

"सोमवारी मंडळाची बैठक आहे," स्ट्राउडबाई म्हणाल्या. "तुम्ही आपण होऊन सोडा. मी चहाडी करणारी बाई नाही. पण नाही सोडलीत तर मंगळवारी मी जाऊन सांगेन, आणि मग नुसती नोकरी नाही जायची, बोभाटा होईल. पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी बाई, असं म्हणतील." मग चिंधीची गाठ आवळत म्हणाल्या, "हात वर धरा. ठणकणार आहे रात्रभर."

शनिवारी वाण्याच्या दुकानात एल्डन भेटला. भेटला म्हणजे काय, तो घेवड्याच्या डब्यांकडे बघत उभा राहिला आणि ती कॉफीच्या पुड्यांकडे. गल्ल्यावरच्या रेडिओवर कुठल्याशा साबणाची जाहिरात गाऊन गाऊन सांगत होते, त्या आवाजात दोघं बोलली.

"पळालास," व्हर्ना म्हणाली.

"तूच सांगितलं होतंस."

"हो. मीच सांगितलं होतं." तिने पुडा उचलला, किंमत बघितली, परत ठेवला. मग मोरीतलं सगळं सांगितलं.

एल्डनचा चेहरा पडला. "नाही म्हण सरळ. केंटकीत जाऊन कोण बघणार आहे?"

"आणि मंडळाने शपथ घालून विचारलं तर?"

"तरी नाही म्हण. व्हर्ने, आईच्या औषधाचं काय करायचं? वखारीत या आठवड्यात एकदा बोलावलंय मला."

"मग तू ये आणि सांग सगळ्यांसमोर, की मी हिचा कोणी नाही. सांगशील?"

तो डब्याचं चित्र बघत राहिला. चांगला माणूस होता एल्डन, पण कोणी काम देत नाही म्हटल्यावर चांगल्या माणसाच्याही पाठीचा कणा हळूहळू मऊ पडतो. शेवटी म्हणाला, "तुला वाटेल ते कर." आणि घेवड्याचा डबाही न घेता निघून गेला.

रविवारभर व्हर्नाने डोकं लढवून बघितलं. नाही म्हणावं, तर स्ट्राउडबाई काही स्वस्थ बसायच्या नाहीत. काढून टाकलं तर दुसऱ्या गावातही कोणी उभं करणार नाही. आणि समजा निभावलं, तरी रोज सकाळी पोरांसमोर उभं राहून कोणत्या तोंडाने शिकवायचं? त्यात ती आयलीन डोळ्यांसमोरून हलेना. मागच्या वर्षी सरावाला ती व्हर्नाच्याच वर्गावर आली होती. वजाबाकी शिकवताना खिशातून वाटाणे काढून टेबलावर मांडायची, पोरं खिदळायची आणि हातचा कधी घ्यायचा ते बरोबर शिकायची. पोरगी चांगली होती, आणि भुकेली होती. गुन्हा तिचाही नव्हता. आपल्या घरची चूल विझली तरी निदान एका घरची पेटेल, असं व्हर्नाने मनाशी म्हटलं, आणि त्या एका विचारावर तिला झोप लागली.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती पेटिबोन यांच्या बियाण्यांच्या दुकानाचा जिना चढली. वरच्या खोलीत मंडळ बसायचं आणि पेटिबोन मंडळाचे अध्यक्ष. बाहेरच्या बाकावर स्ट्राउडबाई आणि आयलीन बसल्या होत्या. आयलीनच्या अंगात उसना कोट होता, बाह्या लांब होत असल्याने आतून टाचलेल्या.

"बाई," आयलीन उठून म्हणाली, "आई म्हणते तुमचं लग्न ठरलंय. मला फार आनंद झाला. म्हणजे, जागेसाठी नाही. खरंच झाला."

तिला काहीच माहीत नव्हतं. व्हर्नाने स्ट्राउडबाईंकडे पाहिलं. त्या जिन्याकडे बघत होत्या.

"तुझा अर्ज आणलास ना?" व्हर्ना म्हणाली. "वाटाण्यांचं सांग त्यांना. त्यांना आवडेल."

आत फार वेळ लागला नाही. लग्न करणार आहे म्हणून जागा सोडते, असं ती म्हणाली. सगळे उठून उभे राहिले, हात मिळवले. कोणीतरी म्हणालं, अखेर रुखवत कामी आलं. पेटिबोन तर इतके खूश झाले की त्यांनी तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

"तुम्हाला काय सांगू, हॅमंडबाई, देवासारख्या आलात. करच भरत नाहीत लोक. तिघी शिक्षिकांपैकी कोणाला घरी बसवायचं, हाच आजचा विषय होता. महिनाभर झोप नाही मला. तुम्ही परस्पर सोडवलंत."

व्हर्नाला आधी नीट कळलंच नाही. "म्हणजे माझी जागा..."

"जागा गेली. तुमची निम्मी पोरं दुसरीच्या वर्गात बसवू, निम्मी चौथीच्या. दाटीवाटी होईल, पण होईल."

"बाहेर आयलीन स्ट्राउड बसलीये."

"कोण? अच्छा, ती पोत्यांवाल्या बाईंची मुलगी." पेटिबोननी कागद सारखे केले. "तिला जाता जाता तुम्हीच सांगा ना. तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं वाटेल तिला."

जागा परत मागावी, असं क्षणभर व्हर्नाच्या मनात आलं. पण लग्न करते म्हणून सांगून झालं होतं, हात मिळवून झाले होते, आणि मंडळातले चौघेही आता पुढच्या विषयावर बोलत होते. ती उठली.

दार उघडताच आयलीन उभी राहिली. स्ट्राउडबाईंनी तिच्या कोटाची कॉलर सरळ केली, पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं आणि म्हणाल्या, "जा. हळू बोल, घाबरू नको."

"थांब, आयलीन," व्हर्ना म्हणाली. "आत जायचं नाही. जागा भरणार नाहीत. माझ्याबरोबर जागाही गेली. एक बाई त्यांना कमी करायचीच होती."

आयलीन हसतच होती. हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा व्हर्नाकडे, आणि टाचलेल्या बाह्यांत हात ओढून घेत बाकावर बसली. स्ट्राउडबाई मात्र उभ्याच. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. त्या आता रडतील, असं व्हर्नाला वाटलं, आणि त्यांना धरायला तिने चिंधी बांधलेला हात पुढे केला.

स्ट्राउडबाईंनी तो झिडकारला.

"मग तुम्ही सोडलीत तरी कशाला?" त्या म्हणाल्या.