बिनउद्यापनाचं व्रत

मी एक जुना पितळी करंडा आहे. मित्रांनो, तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला आणि सुमनताईंच्या लग्नात कुंकू भरून मी उज्जैनला, माधव नगरातल्या या घरी आलो. हळदीकुंकवाला बायका मला हातात घेऊन निरखायच्या. पुढे टिकल्यांची पाकिटं आली आणि मी फडताळात काळवंडत पडलो.

मला बाहेर काढलं ते सुमनताईंच्या लेकीच्या, देवश्रीच्या आजारपणात. सकाळी तिची बोटं आखडत, अंग कणकणे, दुपारपर्यंत ती दमून आडवी होई, उन्हात गेली की गालांवर लाल चट्टे उठत. शेजारच्या सुलभाकाकू म्हणाल्या, "काय गं, रंगपंचमी होऊन गेली, गाल धुवायचे राहिले वाटतं? आळस, दुसरं काय!"

तपासण्यांत कळलं, ल्युपस. यात शरीराचे राखणदारच घरच्या माणसांना चोर समजून मारू लागतात. हा आजार दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जातही नाही, पण औषधाने ताब्यात राहतो.

सुमनताईंनी मला चिंचेने घासलं आणि माझ्यात गोळ्या ठेवल्या. रोज पूजा झाली की गोळी. देवश्री पूर्ण बाह्या घालून, छत्री घेऊन फ्रीगंजच्या बँकेत पुन्हा कामावर जाऊ लागली.

मग तिच्या सोळा सोमवारांचं उद्यापन झालं. ती म्हणाली, "आई, इतकं बरं वाटतंय. गोळ्यांचंही आजच उद्यापन करून टाकू."

"महाकालाची कृपा," म्हणत सुमनताईंनीच माझं झाकण लावलं.

काही आठवड्यांत तिचे पाय सुजले. मला पिशवीत घालून दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"दवा किससे पूछकर बंद की?"

"महादेवजी से," देवश्री पुटपुटली.

"उन्होंने हाँ कहा था?" बाई हसल्या. लघवीचा रिपोर्ट पाहिल्यावर मात्र हसल्या नाहीत. "किडनी में सूजन है, बेटा. बीमारी सोई थी, गई नहीं थी."

घरी आल्यावर देवश्री रडली. "म्हणजे हे जन्मभर?"

"नंदादीपाचं कधी उद्यापन करतो का आपण? रोज तेल घालतो. चल, तोंड उघड."

"मी लहान आहे का, आई?"

"गोळी घे, मग मोठी हो."

मित्रांनो, बरं वाटलं म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नका. आणि दमलेल्या माणसाला आळशी म्हणू नका, त्याचं दुखणं वरून दिसत नाही.

किडनीची सूज आता उतरते आहे. तरी एखाद्या सकाळी माझं फिरकीचं झाकण देवश्रीच्या बोटांना दाद देत नाही. सुमनताई हात पुढे करतात.

"थांब, आई," ती म्हणते. ओढणीच्या टोकात मला घट्ट धरते आणि फिरवत राहते, उघडेपर्यंत.