सत्याण्णव ते एकशे बारा

बोलतोय मी, पण आधी अंगठा पुसून या. जिभेला लावून पानं उलटणाऱ्यांची मला शिसारी आली आहे.

मी एक ग्रंथ. आदर्श समाज कसा असावा यावर एका प्राचीन तत्त्ववेत्त्याने जे लिहून ठेवलं, त्याचं भाषांतर. ते एका प्राध्यापकांनी केलं. छापखान्यासाठी स्वच्छ अक्षरातली प्रत त्यांच्या बायकोने काढली, मुद्रितंही तिनेच तपासली. छापून झाल्यावर प्राध्यापकांनी आपला फोटो बरा आलाय ना, एवढंच पाहिलं.

जन्मतःच माझ्यात एक खोट राहिली. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालतात, शिवतात, मग कडा कापतात. माझी एक घडी जरा आत सरकली आणि पातं तिला लागलंच नाही. सत्याण्णव ते एकशे बारा ही पानं एकमेकांना जोडलेलीच राहिली. पट्टीने कापल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. अख्खं सातवं प्रकरण तिथे अडकलंय.

तसाच मी ग्रंथालयात आलो. तिथल्या ग्रंथपालांचा एक नियम होता. दोन ओळी अभिप्राय लिहिल्याशिवाय पुस्तक परत घ्यायचं नाही. त्यासाठी माझ्या शेवटी कोरे कागद चिकटवले आणि कित्ता घालून द्यायचा म्हणून पहिला अभिप्राय त्यांनी स्वतःच लिहिला, 'सर्वांगसुंदर.' मी तेव्हा नुकताच गठ्ठ्यातून निघालो होतो.

मग तीस वर्षं लोक आले. एका वकिलाला बाविसाव्या पानावर झोप लागली, त्याची लाळ पुढच्या दोन पानांत मुरली आणि त्याने लिहिलं, 'डोळे उघडले.' एका डॉक्टरने माझ्यावर महिनाभर चहाचा कप ठेवला आणि लिहिलं, 'सातवं प्रकरण म्हणजे कळस!' अहो, कसला कळस? एकदा तर माझ्यावर चर्चा ठेवली होती. बारा माणसं होती आणि त्या आदर्श नगरीत बाराही जण राज्यकर्तेच होणार होते. तिथली गटारं कोण उपसणार, हे एकाच्याही मनात आलं नाही.

एकतीस अभिप्राय झाले, पण पानं उघडत नाहीत अशी तक्रार एकानेही केली नाही. खोटं बोलायचं तर बोला ना बाबांनो, पण माझ्याच अंगावर लिहून? 

गेल्या महिन्यात ती आली. प्राध्यापकांची बायको. प्राध्यापक वारले त्याला वर्ष झालंय. तिने मला मागून घेतलं, खिडकीजवळ बसली आणि सगळे अभिप्राय बोट ठेवून वाचले. डॉक्टरचा वाचला तेव्हा तिचा चेहरा उजळला. घाईघाईने तिने सातवं प्रकरण काढलं, आणि पानं उघडेनात.

मग ग्रंथपालांना बोलावून तिने सगळं सांगितलं. प्रत काढताना या प्रकरणात तिने अर्धं पान आपलं स्वतःचं घातलं होतं. या नगरीत विचार कोणी करायचा ते ठरलं, लढायचं कोणी तेही ठरलं, पण विचार करणाऱ्यांचं जेवण कोण रांधणार, त्यांच्या आजारी आईचं अंथरूण कोण बदलणार, एवढंच त्यात विचारलं होतं. नवऱ्याला कळलं नाही. आधी कोणी पकडेल म्हणून तिला धडकी भरायची. पुढे पुढे कोणीतरी पकडावं म्हणून ती वाट बघायला लागली.

ग्रंथपाल लाजले. टेबलावरची लोखंडी पट्टी उचलून म्हणाले, "काकू, माझा अभिप्राय खोडतो."

"राहू दे तो," ती म्हणाली. "पानं तुम्ही कापा. ते अर्धं पान कुठलं ते शोधून मला सांगा. आणि काय वाटलं तेही सांगा. वाईट वाटलं तरी चालेल."

त्यांनी मला घरी नेलं. एक घडी कापली, पट्टी तिथेच खुपसली आणि मला बेसिनशेजारच्या कपाटावर टाकलं. काल सकाळी तिचा फोन आला. ग्रंथपाल दाढी करत होते, म्हणून फोनचा आवाज मोठा केला होता.

"सापडलं बरं का काकू. फार हृदयस्पर्शी लिहिलंय तुम्ही."

"कशाबद्दल आहे ते?"

हे गाल ओढून थांबले. "म्हणजे... एकूणच समाजाबद्दल."

मग ती म्हणाली, "हो का. बरं." आणि फोन ठेवला. यांनी उरलेला गाल केला आणि फेस धुताना हात माझ्यावर झटकले. थू!

पट्टी अजून अठ्ठ्याण्णव्या पानात आहे. ते अर्धं पान एकशे सहावर आहे, घ्या, सांगून टाकलं. तुमच्यापैकी कोणीतरी या आणि पानं कापा. नाही पटलं तर शिवी लिहा तिला, पण वाचून लिहा. ती शहात्तर वर्षांची आहे, तेव्हा जरा लवकर या.