किल्लेदाराची रसद

हनुमंतरावांचं पत्र आलं की ते न उघडता परत पाठवायचं, हा वसुमतीबाईंचा नेम होता. घराला घर लागून, मधे एक भिंत, आणि बोलणं मात्र टपालातून. तंजावरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं.

भांडणाचं मूळ म्हणजे हनुमंतरावांचा कुत्रा. त्याचं नाव किल्लेदार. हनुमंतराव तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. पण आपल्या खापरपणजोबांनी कुठलासा किल्ला राखला होता, हे ते दूधवाल्यालाही तमिळमधून समजावून सांगत. वसुमतीबाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. गल्लीतल्या मराठी घरांतली मुलं मराठी ऐकायची आणि उत्तर तमिळमधून द्यायची. त्यांना आपल्या ओट्यावर बसवून बाई देवनागरी शिकवत.

तीन वर्षांपूर्वी किल्लेदार दारातून निसटला आणि ओट्यावर झेप घेऊन त्याने राजम नावाच्या मुलीचा परकर फाडला. बाईंनी नगरपालिकेला अर्ज दिला. कुत्री धरणारी गाडी आली. हनुमंतराव कुत्र्याचा बिल्ला हातात धरून दारात आडवे उभे राहिले आणि गाडी रिकामी गेली. आठ दिवसांनी बाईंना वकिलाची नोटीस आली. बाईंनी किंवा त्यांच्या कुणा माणसाने हनुमंतरावांच्या हद्दीत पाऊल टाकलं, तर फिर्याद होईल. ती नोटीस बाईंनी वाचली. पुढच्या दोन त्यांनी वाचल्याच नाहीत.

एकसष्ट सालचा मे महिना होता. तमिळ लोक ज्यांना कत्तिरी म्हणतात ते भाजून काढणारे दिवस. शुक्रवारी सकाळी हनुमंतराव छत्री आणि एक लहानशी पिशवी घेऊन बस स्टँडकडे गेले. दाराला कुलूप लागलं. कुत्रा मागच्या परसात होता. पिशवी लहान म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, असा बाईंनी अंदाज केला आणि दोन दिवस तरी शांतता मिळेल म्हणून त्यांना बरंच वाटलं.

रविवार गेला. हनुमंतराव आले नाहीत. सोमवारी सकाळी सुट्टीतला वर्ग भरला तेव्हा भिंतीपलीकडून एक लांबलचक विव्हळणं सुरू झालं, आणि मुलांचं पाटीवर लक्ष लागेना. अकरा वाजता पोस्टमन त्यागराज आला. त्याच्या हातात निळं आंतर्देशीय पत्र होतं आणि पाठवणाऱ्याच्या जागी हनुमंतरावांचं नाव.

त्यागराज म्हणाला की टीचरम्मा, हे रजिस्टर नाही, साधं पत्र आहे, मन्नारगुडीहून आलंय. बाईंनी ते हातातही धरलं नाही. ओट्यावरच ठेवायला लावून, मुलांना गिरवायला देत तशा घोटीव अक्षरांत त्यावर लिहिलं, ‘स्वीकारत नाही.’ खाली सही केली. त्यागराज पत्र घेऊन गेला.

दुपारपर्यंत विव्हळणं बारीक झालं होतं, आणि बाईंना तेच जास्त झोंबू लागलं. दोन्ही घरांची विहीर एकच होती. भिंत विहिरीच्या मधोमध गेलेली. अर्धं तोंड इकडे, अर्धं तिकडे. बाई पाणी शेंदायला गेल्या तेव्हा पलीकडून खरखर ऐकू आली. त्यांनी कान दिला. कुत्रा कोरडा दगड चाटत होता. खाली विहिरीत चार पुरुष पाणी, आणि वर हा दगड चाटतोय.

समोरच्या घरातली कामाक्षी, राजमची आई, सांडगे राखत दारात बसली होती. बाईंनी तिला विचारलं की हनुमंतरावांनी कुणाला काही सांगून ठेवलंय का.

“मला कशाला सांगतील?” कामाक्षी म्हणाली. “आणि तुम्हाला कसली काळजी, टीचर? गाडी तर तुम्हीच बोलावली होती. आता फुकटात काम होतंय.”

बाईंना राग आला तो तिचा नव्हे. हे गल्लीत सगळेच म्हणणार होते. उद्या तो कुत्रा मेला, तर हनुमंतराव येऊन म्हणणार की शेजारणीने विष घातलं, आणि तिने तसं केलं नाही असं शपथेवर सांगायला एक माणूस पुढे येणार नाही. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. दगड चाटल्याचा तो आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता.

त्यांनी धुण्याचा दगड भिंतीशी सरकवला, त्यावर चढल्या आणि वरून पलीकडे पाहिलं. पाऊल नाही, नजरच टाकली होती. किल्लेदाराच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. बाईंना पाहून तो उठला, दात दाखवून गुरगुरला आणि धडपडत पुन्हा बसला.

“गुरगुर हो,” बाई म्हणाल्या. “धन्यासारखाच आहेस.”

त्यांनी बादली भिंतीवरून वाकवली. अर्धं पाणी भिंतीवर सांडलं, अर्धं त्याच्या दगडी कुंडीत पडलं. तो घटाघटा प्यायला. मग बाईंनी दहीभात कालवला, केळीच्या पानात बांधला आणि वरून टाकला. पान उलगडलं, भात पसरला. किल्लेदार जवळ आला, हुंगलं, आणि भातासमोर ताठ बसून राहिला. तोंडातून लाळ गळतेय, नजर घराच्या बंद दाराकडे, पण भाताला तोंड लावीना. संध्याकाळी बाईंनी पुन्हा पाहिलं. तो तसाच बसलेला आणि भाताला मुंग्या लागलेल्या.

आजारी म्हणावा तर बसणं तसं नव्हतं. बाईंनी चाळीस वर्षं मुलं पाहिली होती. डबा पुढ्यात ठेवून परवानगीची वाट बघणारं पोर असंच बसतं, पाठ ताठ आणि डोळे दाराकडे. हा कुणाच्या तरी हुकमाची वाट पाहतोय हे त्यांना कळलं, आणि त्याबरोबर तो हुकूमही आठवला. तीन वर्षं रोज दुपारी आणि संध्याकाळी तो भिंतीवरून ऐकू येत होता. हनुमंतराव भांडं ठेवून दरबारी आवाजात म्हणत, “किल्लेदार, रसद आलीऽऽ!” बाईंना ती नुसती त्यांची मिजास वाटायची. तो नियम होता. कुणी परक्याने, म्हणजे बाईंनीच, काही खाऊ घालू नये म्हणून शिकवलेला.

मंगळवारी सकाळी त्या ताजा भात घेऊन दगडावर चढल्या. वर्ग ओट्यावर सोडून मुलं मागोमाग परसात आली होती. बाई म्हणाल्या, “किल्लेदार, रसद आली.”

कुत्र्याचे कान उभे राहिले आणि पडले. त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तो बसूनच.

“असं नाही, टीचर,” राजम तमिळमध्ये म्हणाली. तिच्या परकराला अजून त्या वेळचं ठिगळ होतं आणि ती भिंतीपासून चार हात लांब उभी होती. “शेवटी ओढायचं.”

हनुमंतरावांची नक्कल करायची मुलांना सवय होती. त्यावरून बाईंनी त्यांना दोनदा कोपऱ्यात उभं केलं होतं. आता त्यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणा. सगळ्यांनी. एकदम.”

“किल्लेदार, रसद आलीऽऽ!”

पलीकडे पान फाटल्याचा आवाज आला. किल्लेदार नुसता भातच नव्हे, पानसुद्धा खात होता. आणि बाईंच्या मनात आलं की या पोरांच्या तोंडून एक सबंध मराठी वाक्य, न अडखळता, आज पहिल्यांदाच ऐकलं. तेही त्या माणसाचं. याचाही त्यांना राग आला.

त्या दिवसापासून दोन वेळा रसद जाऊ लागली. हनुमंतराव परत आले ते पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी. डोकं मुंडलेलं. बाईंनी ओट्यावरून पाहिलं आणि त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला. हनुमंतराव आधी आपल्या घरात गेले, परसात जाऊन आले, आणि मग बाईंच्या ओट्यासमोर रस्त्यातच उभे राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी निळं पत्र पुढे धरलं.

“हे अक्षर तुमचंच ना, मास्तरीणबाई?”

“माझंच.”

“वळणदार आहे. पोरांना गिरवायला द्या.”

“मला वाटलं, नोटीस असेल.”

“नोटीस रजिस्टरने येते. एवढं तर तुम्हाला ठाऊक असेल.” त्यांचा आवाज चढला नाही, तो खालीच गेला. “थोरल्या भावांना बघून दुसऱ्या दिवशी परतणार होतो. शनिवारी ते गेले. त्यांना मूलबाळ नाही, अग्नी मीच दिला. तेराव्यापर्यंत उठता येईना. स्मशानातून आल्यावर पहिलं हे लिहिलं. माझ्या हातून तुम्हाला ‘कृपा करून’ असं लिहिलं गेलं, आणि ते तुम्ही बंदच्या बंद माझ्या तोंडावर फेकलंत.”

भावाचं ऐकून बाईंना काही बोलायचं होतं. पण तोंडून आलं ते वेगळंच. “कुत्रा जिवंत आहे ना? कुणामुळे?”

“पाहिलं. सुजवलाय त्याला.” हनुमंतरावांनी पत्र खिशात घातलं. ते वाचायला त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भांडं ठेवलं आणि आवाज लावला. त्याच क्षणी ओट्यावरच्या मुलांनी, सवयीने, तेच वाक्य त्यांच्यावर चढवून म्हटलं. भिंतीपलीकडे भांडं खण्णकन उचलल्याचा आवाज झाला.

त्यानंतर रसदीचा आवाज बंद झाला. जेवणाच्या वेळी पलीकडून नुसती कुजबुज यायची. हनुमंतराव कुत्र्याला नवा शब्द शिकवत होते, आणि तो बाईंना कळू नये म्हणून दबक्या आवाजात शिकवत होते. पहिले दोन दिवस किल्लेदार जेवलाच नाही. भिंतीकडे तोंड करून भुंकत राहिला. जुना शब्द बाईंच्या ओठांवर होता. त्यांनी तो गिळला. तिसऱ्या दिवशी भांडं चाटल्याचं ऐकू आलं तेव्हा कुठे त्या विहिरीपासून हलल्या.

चार दिवसांनी त्यागराज रजिस्टर पत्र घेऊन आला. पाठवणाऱ्याचं नाव वाचून त्याने स्वतःच पेन्सिल पुढे केली, नकार लिहायला. बाईंनी पत्र सही करून घेतलं आणि त्याच्यादेखत फोडलं. वकिलाची नोटीस होती. फिर्यादीचा कुत्रा बाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आरोळ्या ठोकून बिघडवला, वगैरे. बाई शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेल्या. नोटिशीच्या घडीत एक चिठ्ठी होती, हनुमंतरावांच्या हातची:

‘गुरुवारी व शुक्रवारी मासिक श्राद्धासाठी मन्नारगुडीस जात आहे. दोन वेळा. नवा शब्द: हनुमंतरावांचा विजय असो. मोठ्याने म्हणावे लागते.’

‘कृपा करून’ कुठेच नव्हतं.

गुरुवारी बाईंनी वर्गाला सुट्टी दिली. मुलं घरोघर गेल्याची खात्री केली, भात कालवला, दगडावर चढल्या, पान खाली सोडलं. किल्लेदार पानासमोर ताठ बसला. या वेळी त्याची नजर बंद दाराकडे नव्हती, बाईंकडे होती.

“हनुमंतरावांचा विजय असो,” बाई पुटपुटल्या.

तो हलला नाही. चिठ्ठीतली शेवटची ओळ खोडसाळपणाची असेल असं त्यांना वाटलं होतं. ती खरी होती. मागे परसाच्या दारात कामाक्षीच्या बांगड्या वाजल्या. बाईंनी भिंतीच्या कडेला दोन्ही हात टेकले, वर्गात शुद्धलेखन घालताना लावत तसा आवाज लावला, आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असं ते वाक्य म्हटलं.

पान फाटलं. किल्लेदाराचं खाऊन होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. मग खाली उतरल्या, बादली विहिरीत आपटली, आणि संध्याकाळी पुन्हा हेच म्हणायचंय हे आठवून दात खात पाणी शेंदू लागल्या.